डब्यातलं टोकन

घराला रंग काढायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. ‘भिंत ती भिंत, तिला काय एवढं’ हा पहिला आणि ‘एकदाच काय ते चांगलं करून घेऊ’ हा दुसरा. आमच्याकडे पहिल्या पक्षाचा मी एकमेव सभासद आहे. दुसऱ्या पक्षाची अध्यक्ष, खजिनदार आणि मतदार ही तिन्ही पदं बायकोकडे आहेत. आई कागदोपत्री तटस्थ, पण रोज सकाळी चहाबरोबर तिचं निवेदन निघतं : ‘‘आमच्या वेळी चुन्यात नीळ घातली की झालं.’’

तिच्या वेळी खरंच तेवढ्यात होत असे. चुनकळी पिंपात विरायला टाकायची, ती रटरटत असताना पोरांना जवळ फिरकू द्यायचं नाही, मग गाळून त्यात नीळ आणि डिंक. डिंक कमी पडला की भिंतीला टेकलेला प्रत्येक पाहुणा पाठीवर आमचं घर घेऊन जायचा. पुढे डिस्टेंपर आलं. शाळा, दवाखाने आणि एसटी स्टँड यांनी छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट फासून रंगाचा प्रश्न कायमचा निकालात काढला. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला गट्टू आठवा. कपाळावर झुलपं, एका हातात निथळता ब्रश, दुसऱ्यात डबा. त्या पोराला ‘शेड नंबर काय?’ असं कधी कुणी विचारलं नाही.

मला विचारलं. दुकानात हल्ली तयार रंग फारसा मिळत नाही, बेस मिळतो. नंबर सांगितला की मशीन त्यात वेगवेगळ्या रंगांच्या पिचकाऱ्या सोडतं आणि डबा गदागदा हलवून आपल्या हवाली करतं. नंबर सांगायचा तो शेडकार्ड बघून. त्यात एकट्या पांढऱ्याचाच गोतावळा एवढा, की आपण आजवर पांढरं म्हणून जे बघत आलो ते नक्की काय होतं असा संशय यावा. बायकोने दोन तुकडे माझ्यासमोर धरले. ‘‘यातला कुठला?’’ मी म्हणालो, ‘‘दोन्ही छान.’’ आमचा संसार याच उत्तरावर टिकला आहे, पण शेडकार्डापुढे ते चाललं नाही. त्यात दुकानदाराने तेल ओतलं : कार्डावर दिसते त्यापेक्षा छटा चार भिंतींवर गडद वाटते आणि ट्यूबलाइटखाली तर वेगळीच दिसते. म्हणजे हे निवडायचं दिवसा, बघायचं रात्री आणि भोगायचं पाच वर्षं.

किमतीचं गणित मात्र मी शांतपणे समजून घेतलं. साधं इमल्शन लिटरला दोनशेच्या आसपास येतं, वरच्या प्रतीचं पाचशे-सहाशेच्या पुढे जातं. फरक डब्यातल्या मालाचा आहे. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरेपणा देतं आणि खालचं झाकतं, अॅक्रिलिकचं चिकटद्रव्य रंग धरून ठेवतं, आणि उरलेली जागा भरायला खडूच्या जातीची भुकटी. स्वस्तात भुकटी जास्त, म्हणून ओलं फडकं फिरवलं की भिंत फडक्यावर येते. महागात चिकटद्रव्य जास्त, म्हणून आमटीचा ओघळ पुसता येतो. ज्यांच्या घरी आमटी आणि नातवंडं दोन्ही आहेत, त्यांनी इथपर्यंत पैसे मोजायला माझी हरकत नाही.

त्याच्यापुढे आपण बारशाचे पैसे देतो. इंग्लंडात डॉर्सेटमध्ये १९४६ साली सुरू झालेली फॅरो अँड बॉल ही कंपनी एका करड्या छटेला ‘एलिफंट्स ब्रेथ’ म्हणते आणि दुसऱ्या एकीला ‘डेड सॅमन’. हत्तीचा श्वास आणि मेलेला मासा दिवाणखान्याला फासण्यासाठी तिकडची माणसं आनंदाने खिसा रिकामा करतात. आमच्या सोसायटीत जिन्यातल्या नुसत्या माशाच्या वासावरून खास सर्वसाधारण सभा झाली होती.

हे सगळं झाल्यावर पेंटरमामा आले. त्यांनी शेडकार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकली, मग भरदुपारी पडदे ओढून घेतले आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. आजवर सपाट समजलेल्या त्या भिंतीवर डोंगर, दऱ्या, घाट, एका ठिकाणी तर चक्क धरणाचा पाणीसाठा दिसायला लागला. ‘‘वहिनी, हा बघा सह्याद्री. चकचकीत मारला तर पाहुण्यांना महाबळेश्वर दिसंल.’’ भारी रंगाची चमक भिंतीचा एकही दोष पोटात घालत नाही. साधा मॅट रंग उजेड गिळतो आणि भिंतीची अब्रू झाकतो. महागडा रंग हवा तर आधी लांबी भरा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा भरा, पुन्हा घासा, प्रायमर मारा आणि मग दोन हात द्या. म्हणजे रंग तिप्पट, मजुरी दुप्पट आणि घरभर पिठाची गिरणी.

मजुरीचं मापही ऐकण्यासारखं असतं. कार्पेट एरियाच्या तीन ते साडेतीन पट भिंत आणि छत धरायचं, आणि त्यातून खिडक्या वजा करायच्या नाहीत. मी विचारलं, ‘‘का नाही?’’ ‘‘साहेब, खिडकीच्या कडा मारायला जास्त वेळ जातो.’’ तर्कात खोट काढता येईना. वारा येतो त्या जागेचेही आम्ही चौरस फुटाच्या भावाने पैसे दिले.

मामा एका विशिष्ट डब्यासाठी मात्र फार आग्रही होते. ‘‘हाच घ्या, फिनिशिंग येतं.’’ फिनिशिंग कुठून येतं ते डबा उघडताना कळलं. झाकण निघाल्याबरोबर मामांची नजर रंगाकडे न जाता झाकणाच्या आतल्या बाजूला गेली. तिथे टोकन होतं. रंगाच्या धंद्यात ही जुनी चाल आहे : कंपन्या डब्यात पेंटरसाठी टोकन ठेवतात. पूर्वी ते दुकानात देऊन रोख पैसे घ्यायचे, आता मोबाइलने कोड स्कॅन केला की पॉइंट जमा होतात. मामांनी ते पुसलं, स्कॅन केलं, आणि मग रंग ढवळला. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, ‘‘सगळ्यांचंच असतं साहेब. तुमच्या डॉक्टरचं नसतं का?’’ या वाक्यानंतर माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. घराघरांत छटांवरून वाद घालणाऱ्या मंडळींना हे ठाऊकही नसतं, की त्यांच्या भिंतीचा निर्णय पुष्कळदा झाकणाखालीच लागलेला असतो.

राहिला वॉलपेपर. लग्नाचे लेहंगे करणाऱ्या सब्यसाचीने एशियन पेंट्सच्या ‘निलया’साठी वॉलपेपरही केले आहेत, हे कळल्यापासून बायको आमच्या भिंतीकडे उपवर मुलीकडे बघावं तशी बघत होती. विक्रेत्याने सांगितलं, एक रोल म्हणजे ५७ चौरस फूट. फुलाला फूल जुळवताना त्यातलं किती कापून कचऱ्यात जातं, हे त्याने सांगितलं नाही, मामांनी सांगितलं. मी शेवटचं अस्त्र काढलं. नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर ज्या घरात ठेवलं होतं, तिथल्या वॉलपेपरच्या हिरव्या रंगात आर्सेनिक सापडलं आहे. त्या काळी असला रंग सर्रास वापरत आणि ओल धरली की त्यातून विषारी वायू सुटे. तो पोटाच्या कॅन्सरने गेला असं बहुतेक जाणकार मानतात, पण ते मी तेव्हा सांगितलं नाही. बायको शांतपणे म्हणाली, ‘‘आपल्या घरात नेपोलियन कोण आहे?’’

शेवटी तह झाला. छताला सर्वांत स्वस्त पांढरा, कारण आईच्या निकषानुसार छताला कुणी टेकत नाही. स्वयंपाकघर, पॅसेज आणि बटणांच्या आजूबाजूला धुता येणारा भारी रंग. वॉलपेपर एकाच भिंतीला, तीही आतली : जिच्या पलीकडे ना पाऊस, ना नळ. पश्चिमेच्या भिंतीवर कोकणी पावसाळा थडकतो आणि हवेतला दमटपणा सांध्यात शिरून कागद कोपऱ्यातून उचलतो, मग त्यावर कोणत्याही डिझायनरची सही असो.

तुमच्याकडेही रंग निघणार असेल, तर शेडकार्ड उघडण्याआधी वरच्या मजल्यावर जा. त्यांच्या बाथरूमच्या फरशीच्या फटी बघा आणि चहा घेत घेत, गोडीगुलाबीने, वॉटरप्रूफिंगचा विषय काढा. वरून पाणी झिरपत असेल तर दोनशेचा रंग आणि सहाशेचा रंग एकाच पावसाळ्यात पोपडे धरतात. आणि शेड नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. रिकामा डबा जपून ठेवू म्हणाल, तर पुढच्या आठवड्यात त्यात तुळस लागलेली असते.