डाव्या पायाची सक्तीची निवृत्ती

आमच्या घरात सगळ्यात जास्त राबलेलं कोण, असं विचाराल तर मी माझ्या डाव्या पायाचं नाव घेईन. उजव्या पायाचं कौतुक सगळेच करतात, कारण वेग त्याच्याकडे. पण कल्याणहून निघून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथचा फॉरेस्ट नाका असं करत बदलापूर गाठायचं, तिथल्या गर्दीतून सुटायचं आणि मग वांगणीला घरी यायचं, एवढ्या सगळ्यात क्लच दाबायचं काम मुकाट्याने केलं ते डाव्याने. शेवटी त्याच्या गुडघ्याने तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, "क्लच कमी करा." मी विचारलं, "गिअर कमी केले तर चालेल का?" त्यांनी फी घेतली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घ्यायला निघालो. तशी गिअरच्या बाबतीत माझी जडणघडण भक्कम आहे. मी शिकलो ती उल्हासनगरातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रीमियर पद्मिनीवर. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला लावलेला, तो कधी आपल्याकडे ओढायचा, कधी पलीकडे ढकलायचा, मग वर किंवा खाली, आणि एवढं होईपर्यंत मागच्या ट्रकने हॉर्नवर हात ठेवून आपलं कुळ उद्धरायला सुरुवात केलेली असायची. शिकाऊ गाडीला मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. म्हणजे जगात डबल क्लचचा गाजावाजा व्हायच्या कितीतरी आधी मी दोन क्लचची गाडी चालवत होतो, एक क्लच माझ्या पायाखाली आणि दुसरा मास्तरांच्या. गिअर काय सुरेख पडायचे! लायसन्स मिळाल्यावर कळलं, ते मास्तरांचे पडत होते.

शोरूममधला मुलगा फार गोड होता. म्हणाला, "सर, हे साधं ऑटोमॅटिक नाही. ड्युअल क्लच आहे. यात दोन क्लच असतात." मी वाकून पायांजवळ पाहिलं. तिथे एकही नव्हता. "सर," तो म्हणाला, "दोन आहेत म्हणूनच तुम्हाला एकही लागत नाही."

मला कळेना, तेव्हा घरी येऊन थोडा अभ्यास केला. तो तुम्हाला पंगतीच्या भाषेत सांगतो. दोन वाढपी आहेत असं समजा. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा पदार्थ, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक जण भाजी वाढत असतो तेव्हा दुसरा आमटीची बादली घेऊन मागे उभाच असतो. याचा हात पानावरून उठायला आणि त्याची पळी टेकायला एकच गाठ. पान क्षणभरही रिकामं राहत नाही. गिअरबॉक्समध्येही तसंच. विषम गिअर एका क्लचवर, सम गिअर दुसऱ्यावर, आणि त्यांचे दोन शाफ्ट एकाच्या पोटात एक. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच वेळी दुसरा पकडतो, आणि चाकांना मिळणारा जोर मध्ये तुटत नाही. हाताने गिअर टाकताना तो तुटतोच. क्लच दाबला की इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे आणि मध्ये आपण, हातात दांडा घेऊन. जेवणारा सरळमार्गी असेल तोवर वाढप्यांचं हे काम झकास चालतं. "आमटी नको, थांबा, भाजीच परत वाढा, नाही, आमटीच द्या," असं कोणी म्हणू लागला की दोघेही एकमेकांकडे बघत राहतात.

असा जेवणारा म्हणजे मी.

ही कल्पना ज्याची, तो ॲडॉल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच इंजिनिअर. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्याची तांत्रिक बाजू तो सांभाळायचा, आणि झारच्या गाड्या बर्फातून जाव्यात म्हणून मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवायचा. १९१७ च्या क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला, १९३९ च्या सुमारास त्याने दोन क्लचचा गिअरबॉक्स मांडला, आणि तेवढ्यात महायुद्ध आलं. पुढे १९८० च्या दशकात पोर्शने तो शर्यतीच्या गाड्यांत आणला, २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फमधून तो साध्या रस्त्यावर उतरला, आणि आपल्याकडे २०१३ मध्ये चाकणला बनणाऱ्या पोलो जीटी टीएसआयमधून, २०२२ मध्ये टाटांच्या अल्ट्रोझमधून मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आला. मालकाचा पुढचा हुकूम ओळखून आधीच तयार राहायचं, हे राजाच्या पदरी नोकरी केलेल्या माणसालाच सुचणार. फक्त झारला आपला हुकूम काय आहे, हे निदान माहीत असायचं.

गाडी आली. (कुठली ते सांगत नाही, पुढे जे घडलं त्यात त्या बिचारीचा काही दोष नाही.) सत्यनारायणाला नेऊन आणावी म्हणून सासूबाईंना मागे बसवलं, त्यांच्या मांडीवर पंचामृताचा गडू, शेजारी केळीचे खुंट, आणि वांगणी स्टेशनजवळच्या बाजारात गर्दी दिसली तशी मी सवयीने गिअर खाली घ्यायला गेलो. डाव्या पायाला निवृत्तीचं पत्र मिळालेलंच नव्हतं. तो वर्षानुवर्षांच्या निष्ठेने उठला आणि क्लच समजून जे सापडलं ते तळापर्यंत दाबलं. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकचं पेडल चांगलं ऐसपैस असतं, चुकायची सोयच नाही. गाडी जागच्या जागी उभी राहिली, केळीचा एक खुंट पुढच्या सीटवर येऊन बसला, आणि पंचामृत माझ्या मानेवरून समोरच्या काचेपर्यंत पोचलं. सासूबाईंनी रिकाम्या गडूकडे पाहिलं.

"झाली म्हणायची गाडीची पूजा," त्या म्हणाल्या.

पायाला आवरलं, तर हात उठला. डाव्या हाताला दर थोड्या वेळाने काहीतरी ढकलायची सवय. त्याने एकदा चालत्या गाडीत दांडा पुढे सारला तो थेट न्यूट्रलमध्ये. मी मोठ्या तोऱ्यात ॲक्सिलेटर दिला, इंजिन गरजलं, आणि गाडी हळूहळू थांबायला लागली. एक रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, "काका, आवाज पुढे गेला, गाडी मागे राहिली!"

आता तुम्ही विचाराल, मग चालवायला कशी आहे? खरं सांगू? मोकळ्या रस्त्यावर स्वर्ग आहे. वांगणीहून शेलूकडे जाताना गर्दी ओसरली की ही गाडी एकामागून एक गिअर असे बदलते, की बदलल्याचं आरपीएमच्या काट्यावरून कळतं, अंगाला कळत नाही. माझ्या जुन्या गाडीत प्रत्येक गिअरवर माझी सही असायची, कधी धक्का, कधी कर्रर्र, कधी दोन्ही. क्लच नेमका कुठे पकडतो ते तळव्याला कळायचं, पाचव्यात रस्ता कंटाळवाणा झाला तर उगाच चौथा टाकून बघता यायचा, आणि चढावर वेळेवर खालचा गिअर पडला की आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटायचं. इथे सगळा कारभार परस्पर. पहिल्याच रात्री कर्जतहून परतताना सौभाग्यवती शेजारच्या सीटवर चक्क झोपली. माझ्या ड्रायव्हिंगवर ती याआधी कधी झोपली नव्हती, दाराची मूठ धरून जागी असायची. मला फार अभिमान वाटला. मग लक्षात आलं, ड्रायव्हिंग माझं नव्हतंच.

गर्दीतली गोष्ट वेगळी. ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक गाडी आपणहून सरकते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे सरकणं तेलाच्या जोरावर होतं. ड्युअल क्लचमध्ये तसं तेल मध्ये नसतं, म्हणून संगणक गुपचूप हाफ क्लच मारतो. हाफ क्लच! ज्यासाठी मास्तरांनी मला सगळ्या उल्हासनगरासमोर बोल लावले, ज्यापायी मी एक क्लचप्लेट वेळेआधी घालवली, तेच पाप करायला आता लाखभर रुपये जास्त मोजून मी संगणक नेमला आहे. त्यातून क्लच कोरड्या जातीचा असेल तर तोही घासून तापतो. पहिला टाकू की दुसरा, या विचारात तो एखादा झटकाही देतो. यावर उपाय सगळे एकच सांगतात, की पुढच्या गाडीमागे जागा सोडा, ती पुरेशी झाली की ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जा. मी बदलापुरात तशी जागा सोडून बघितली. त्या जागेत दोन रिक्षा, एक बुलेट आणि एक पाणीपुरीची गाडी आली.

तरी इथवर मी कोणाच्या फारसा डोळ्यांवर आलो नव्हतो. ते राहिलेलं काम माथेरानच्या घाटाने केलं. नेरळ आम्हाला दोन स्टेशनं पुढे, तिथून दस्तुरीपर्यंत गाडी जाते, आणि पाहुण्यांना नवी गाडी दाखवायची तर चढ हवा, असं मीच म्हणालो. रविवार होता. घाटात वळणावळणावर रांग. १९०७ पासून त्याच डोंगरावर दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी चढते आहे, तेव्हा आपल्याला काय जड आहे, अशा भावनेने मी एका उभ्या चढावर थांबलो, आणि गाडी मागे जाऊ नये म्हणून ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर हलकासा दाबून तिला तिथेच तोलून धरली. हे मला छान जमतं. जुन्या गाडीत हँडब्रेक, हाफ क्लच आणि चाकामागे दगड टाकायला खाली उतरलेला मेहुणा, एवढा संसार लागायचा. इथे एक अंगठा पुरे. पाहुणे प्रभावित झाले. थोड्या वेळाने एक वास आला, आणि समोर कसलासा दिवा लागला. आमच्या वांगणीला मुंबईहून हौशी लोक रात्रभर तारे ओळखायला येतात. त्या गावचा रहिवासी असून मला डॅशबोर्डवरचा तो एक दिवा ओळखता येईना.

मागच्या ओम्नीचा ड्रायव्हर उतरून आला. नेरळ-दस्तुरी फेऱ्या मारणारा कोवळा पोरगा. "काका, ॲक्सिलेटरवर गाडी धरू नका, ब्रेकवर धरा. क्लच जळतोय."

मी पाहुण्यांच्या देखत हसून म्हटलं, "बाळा, या गाडीला क्लच नसतो."

"दोन असतात, काका. एक जळतोय, दुसरा तुमची वाट बघतोय."

गाडी बाजूला लावून थंड होऊ दिली, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात जरा उजेड पडला. दुसरा क्लच माझी वाट बघत असतो. हा गिअरबॉक्स मला काय हवंय ते माझ्या उजव्या पायावरून ताडतो. दाबला तर खालचा गिअर, सोडला तर वरचा. आणि माझा पाय? कर्जत रस्त्यावर एसटीला ओव्हरटेक करायचं म्हणून दाबतो, समोरून ट्रक दिसला म्हणून सोडतो, ट्रक लांब आहे म्हणून परत दाबतो, एसटीने हात दाखवला म्हणून पुन्हा सोडतो. वाढपी दोघेही बादल्या घेऊन मागेपुढे. जुन्या गाडीतही मी हेच करत होतो, पण तिथे माझी घालमेल माझ्या तळव्यापुरती राहायची. फार तर गाडी बंद पडायची आणि मी इंजिनला नावं ठेवायचो. ही गाडी मात्र आचके देऊन ती सगळ्या प्रवाशांना कळवते. आणि हे सगळं कुठे, तर वांगणीत! १७ एप्रिल २०२१ला इथल्याच प्लॅटफॉर्मवरून एक लहान मुलगा रुळांवर पडला, समोरून एक्सप्रेस येत होती, आणि मयूर शेळके नावाचा पॉइंट्समन रुळांवरून तिच्याच दिशेने धावला, मुलाला वर चढवलं आणि स्वतःही वर आला. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्या स्टेशनच्या बाहेर मी रस्ता ओलांडणाऱ्या म्हशीच्या पुढून जावं की मागून, हे ठरवत उभा असतो.

हल्ली गाडी सौभाग्यवती चालवते. तिच्याकडे लायसन्स कधीचं होतं, पण जुन्या गाडीवर तिला शिकवण्याची जबाबदारी मी घेतली होती, त्यामुळे तिने स्टिअरिंगला हात लावणंच सोडलं होतं. नव्या गाडीत ती नुसती बसली, ब्रेक सोडला आणि निघाली. विसरायचं असं तिच्याकडे काही नव्हतंच, ना हाफ क्लच, ना पद्मिनीचा दांडा. एसटीच्या पुढे जायचं असेल तर पाय दाबते, नसेल तर मागे राहते. गाडीने तिला आजवर एक झटका दिलेला नाही.

मी शेजारी बसून मार्गदर्शन करतो. परवा बदलापूरच्या उड्डाणपुलावर चढताना म्हटलं, "आता दुसरा टाक."

"अहो, तो पडलाय. तिसरा तयार आहे," ती म्हणाली. "तुमचंच तेवढं ठरू दे. भाजी इथे घ्यायची, की वांगणीला?"

मी म्हटलं, इथेच घेऊ. म्हणजे, वांगणीला ताजी मिळेल तशी. पण आलोच आहोत तर...