गटारीचं पिंप

घरात बिअरचा नळ असावा, हे स्वप्न पुरुषाला साधारणपणे चाळिशीत पडतं. गुडघे कुरकुरायला लागतात त्याच सुमारास. न्यू जर्सीत घराला तळघर असतं, म्हणून आमच्याकडे ते खरंही झालं. केगरेटर म्हणजे एक ठेंगणा फ्रिज. पोटात बिअरचं पिंप, पाठीला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, डोक्यावर चकचकीत नळ. नवी वस्तू म्हणून मी त्याला हळदकुंकू लावलं.

बाटलीपेक्षा पिंपातली बिअर स्वस्त पडते, हा नवऱ्याचा मुद्दा. पडतेच. फक्त मोठ्या पिंपात साडेपंधरा गॅलन, म्हणजे ५८ लिटरहून जास्त बिअर मावते. १२ औंसांचे १६५ ग्लास. भरलेल्या पिंपाचं वजन १६० पौंडांच्या आसपास, नवऱ्याचं त्याहून कमी. ते जिन्यावरून खाली कसं गेलं, हे आमच्या भिंतीवर अजून वाचता येतं.

मुहूर्त गटारीचा. परदेशात अमावास्या शनिवारीच येते, त्यामुळे सोय झाली. पण नळातून निघाला नुसता फेस. जमलेला एकूण एक पुरुष इंजिनिअर, त्यामुळे उपायांना तोटा नव्हता. एकाने दाब उतरवला. दाब कमी पडला की बिअरमधला वायू नळीतच सुटायला लागतो; फेस वाढला. दुसऱ्याने नळ अर्धाच सोडला. अर्ध्या नळातून बिअर घुसळून निघते. फेस आणखी वाढला. तिसरा फोनवर व्हिडिओ शोधायला लागला. तोवर आम्ही बायकांनी कोंबडी-वडे संपवत आणले होते.

सांगलीहून आलेले सासरे हे सगळं पायरीवर बसून बघत होते. गळ्यात तुळशीची माळ, नोकरी जन्मभर पाटबंधारे खात्यात.

"पाच फुटी नळी आणि १२ पौंडांचा दाब?" ते म्हणाले. "अरे, उसळणारच. नळी दुप्पट लांब करा, घर्षणात दाब मरतो."

दहा फुटी नळी आली. मग थर्मामीटर ३८ फॅरनहाइटला टेकवून, ग्लास तिरका धरून, नळ एका झटक्यात पूर्ण सोडायचा. बिअर काचेवरून घसरत उतरते. ग्लास भरत आला की सरळ करायचा, वर दोन बोटं साय. पहिला ग्लास तरीही फेसाळतो, कारण नळाचा खांब फ्रिजबाहेर, उबेत असतो. तो यजमानाने प्यावा, असा आमच्याकडे नियम आहे. माळकरी माणसाने बसवलेली बिअर आजही तश्शीच उतरते. त्यांनी स्वतः ताक घेतलं.

मग श्रावण लागला आणि तळघर ओस पडलं. पिंप अर्ध्याहून अधिक भरलेलं. ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते. थंड ठेवली तरी सहा-आठ आठवड्यांपलीकडे तिची चव उतरते. आणि आपलं पंचांग बघा: श्रावण, पाठोपाठ गणपती, त्यामागे पितृपक्ष. मदतीला धावला तो शेजारचा लखनौवाला. त्यांचे महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला, म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या १५ दिवस आधी सुटतो. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या संध्याकाळी तो दारात हजर. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

नवरा मात्र पीत कमी आणि धूत जास्त असतो. दर दोन आठवड्यांनी नळी औषधाच्या पाण्याने साफ करायची, नळ उघडून ब्रशने घासायचा. देवाचं तांब्याचं ताम्हन घासायला सांगितलं की याच माणसाची कंबर धरते.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर लहान पिंप घ्या. त्यात ५.१६ गॅलन मावतात, ग्लास ५५ निघतात, आणि धडधाकट माणसाला ते एकट्याने उचलता येतं. नळी दहा फुटीच मागा. आणि खरेदीआधी कालनिर्णय बघा.