मोटारीचे मामलेदार

ज्या गृहस्थाने उभी हयात महसूल खात्यात घालविली, लोकांच्या अर्जांवर ‘सविस्तर चौकशी व्हावी’ असा शेरा मारता मारता केस पांढरे केले आणि पेन्शनीत निघाल्यावर ज्याच्या वाट्याला वाड्याच्या पागेत एक पिढीभर उभी राहिलेली १९३० सालची फोर्ड ‘मॉडेल ए’ आली, तो गृहस्थ ते इंजिन चार दिवसांत सुरू करील अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे मनुष्यस्वभावाविषयीचे आपले अज्ञान चव्हाट्यावर मांडणे होय. सांगली-मिरजेच्या बाजूला, जेथे संस्थाने विलीन झाली तरी संस्थानी थाटाच्या मोटारी मागे उरल्या, असे रावसाहेब अद्याप भेटतात.

रावसाहेब बॉनेटला हात लावण्यापूर्वी पंचनामा करतात. सायलेन्सरच्या नळीत उंदराचे घर, कार्बुरेटरच्या तोंडाशी कुंभारमाशीने लिंपलेली माती, टाकीतल्या पेट्रोलचे चिकट रोगण झालेले, अशा नोंदी वहीत सुवाच्य अक्षरांत होतात. घरट्यातले कुरतडलेले कागद कुळकायद्याच्या दाव्याचे दिसतात, असाही शेरा समासात पडतो. ह्या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी समोरच्या काचेखाली, चालकाच्या गुडघ्यांपुढे, आणि पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाच्या कृपेने खाली उतरणारे. तेव्हा गंजाचा कण थेट जेटमध्ये जाऊन बसण्याचा धोका, सबब टाकी उतरवून धुणे प्राप्त.

“सायेब, ब्याटरी जोडतो नि सेल्फ मारतो. बोलंल गाडी,” मिस्त्री सुचवितो.

“मिस्त्री, आधी प्लग काढा.”

चारही भोकांतून रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण मोजून ओतले जाते व ‘मुरू द्यावे’ असा हुकूम सुटतो. पुढे केव्हातरी हँडल बोटभर फिरते, तेव्हा वहीत ‘अंशतः मंजूर’ अशी नोंद होते. मग चेंबर उतरवायचे, कारण तळाशी तेलाचे डांबर साचलेले. मग व्हॉल्व्ह पाहायचे, कारण ते ब्लॉकमध्येच एका बाजूला उभे असतात आणि चिकटलेले असताना जबरदस्ती केली तर वाकायचे भय. डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगपर्यंत ह्या इंजिनाला तारांऐवजी पितळी पट्ट्या आहेत. त्या मात्र रावसाहेब कोणाच्या हाती देत नाहीत, देवाच्या उपकरणांबरोबर चिंच लावून स्वतः घासतात.

आणि अडचण अशी की यांतली एकही गोष्ट चुकीची नाही. गंजून धरलेल्या रिंगांना सेल्फचा हिसका देणारा उतावळा मनुष्य इंजिन मोडून घेतो, हे मिस्त्रीही खाजगीत कबूल करतो. रावसाहेबांच्या दिरंगाईला यंत्रशास्त्राचा असा भक्कम आधार असल्यामुळे तिच्याविरुद्ध अपील चालत नाही. नोकरीत तिला लोक शिव्या देत. येथे तिला साक्षेप म्हणतात, आणि तिच्या दर्शनासाठी गावोगावचे हौशी लोक येऊन चहा पिऊन जातात.

“अहो, नातवाची मुंज झाली,” बाईसाहेब म्हणतात. “वाडीला आपण एष्टीनंच जाऊ या. दत्तमहाराज काही रागवायचे नाहीत.”

अखेर मुहूर्ताचा दिवस उजाडतो. वाळूच्या बादल्या मांडल्या जातात, पेट्रोलची तोटी उघडते, आणि रावसाहेब सुकाणूखालची डावीकडची दांडी वर सारून ठिणगीची वेळ मागे घेतात. ती पुढे राहिली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडते, म्हणून अंगठाही मुठीत न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवावा, यावर जमलेल्या मंडळींना छोटेसे व्याख्यान होते. कागदपत्र पुन्हा एकदा तपासण्याची सूचना ते करणार, एवढ्यात कंटाळलेला मिस्त्री हँडल मारतो आणि गाडी चक्क सुरू होते. अंगण निळसर धुराने भरते, बाईसाहेब वाळत घातलेले पापड ओढत घरात धावतात, पोरे टाळ्या पिटतात. रावसाहेबांची मुद्रा तेवढी उतरते. निकाल लागलेल्या खटल्यात मामलेदाराचे काय काम?

इतक्यात त्यांचा कान टवकारतो. दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी बारीकशी टकटक ऐकू येत असते.

“बंद करा!” रावसाहेब प्रसन्न मुखाने गर्जतात. “मिस्त्री, पाने काढा. आणि सूनबाई, नवी वही आणा पाहू.”