शिड्या उतरवणारा शूर

साहसकथा म्हटली की आपली नजर थेट एव्हरेस्टवर किंवा दक्षिण ध्रुवावर जाते. कोकणातल्या काशीदच्या वाळूत उभं राहिल्यावर आपण धोक्याच्या जागी आलोय, असं कुणाच्या मनातही येत नाही. मागे सुरूची झाडं, समोर तीनेक किलोमीटर पांढरी वाळू, घोडागाडी, बनाना राइड, शहाळी. इथे कसला आलाय धोका? ही समजूतच माणसं बुडवते.

1 फेब्रुवारी 2016. काशीदच्या दक्षिणेला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. जानेवारी 2023 मध्ये काशीदलाच शाळेच्या सहलीतली दोन मुलं गेली. अशा बातम्यांत ‘खवळलेला समुद्र’ येतोच. समुद्रावर खापर फोडलं की बाकी कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

आता जरा पंचांग उघडा. मुरूडच्या त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती. उधाण येतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीला असते ती भांगाची भरती, पंधरवड्यातली सगळ्यात मवाळ. शाळेच्या भूगोलात हे दोन्ही शब्द आपण पाठ केले आहेत, गुणही मिळवले आहेत. कोकणात भरतीची वेळ काढायचा हिशेबही साधा आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमीला उत्तर येतं सहा. म्हणजे पूर्ण भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि त्याआधी दुपारभर पाणी चढत राहणार. एवढं कळायला ना ॲप लागतं, ना इंटरनेट. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला विचारलं असतं तर त्याने बोटांवर मोजून सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ओढीची. जरा उंचावर उभं राहून दहा मिनिटं नुसत्या लाटा बघा. दोन बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मधला एक पट्टा गडद, गुळगुळीत दिसतो. तिथे लाट फुटत नाही. ज्याला पोहता येत नाही तो पाण्यात शिरायला नेमका तोच पट्टा निवडतो, मुलांनाही तिथेच नेतो, कारण तिथे पाणी शांत वाटतं. लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेलं पाणी परत आत जातं ते याच वाटेने. त्या ओढीत सापडलेला माणूस घाबरतो, किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारतो आणि थकून बुडतो. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यावं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर किनारा गाठावा. ही चार वाक्यं सहलीच्या बसमध्ये सांगायला दोन मिनिटं लागतात. अंताक्षरी त्यानंतरही खेळता येते.

आता खरी साहसकथा ऐका. ती याच पाण्यातली आहे.

मुरूडजवळचा जंजिरा किल्ला सिद्दीच्या ताब्यात होता. शिवाजी महाराजांच्या काळात मोरोपंत पिंगळ्यांनी त्याला वेढा घातला. लाय पाटील या कोळी सरदाराने रात्रीच्या काळोखात किल्ल्याच्या तटाला शिड्या लावायच्या आणि मोरोपंतांच्या लोकांनी वर चढायचं, असं ठरलं, अशी कथा सांगतात. तोफांच्या तोंडाखालून होड्या नेऊन लाय पाटलांनी शिड्या लावल्या. धारकरी आलेच नाहीत. वाट बघता बघता पहाट व्हायला आली. तेव्हा या माणसाने शिड्या उतरवल्या, होड्यांत घातल्या आणि आपल्या माणसांसकट तो माघारी आला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दीला पालखी काय कामाची, म्हणून त्याने नम्रपणे नकार दिला. मग महाराजांनी एक गलबत बांधून त्याला दिलं आणि त्या गलबताचं नावच ‘पालखी’ ठेवलं.

किल्ला काही मिळाला नव्हता. तरी मान मिळाला, कारण त्या राजाला साहसाची पारख होती. शिड्या लावायला छाती लागते. वेळ टळली हे ओळखून त्या उतरवायला त्याहून मोठी लागते. कुणी पुढचा-मागचा विचार न करता सात-आठ माणसांनिशी तटावर चढला असता, तर पोवाडा झाला असता आणि कोळीवाड्यातली सात-आठ घरं उघडी पडली असती.

अलीकडचं उदाहरण घ्या. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट 2009 मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये मुंबईलाच परतले. वाटेत चार थांबे. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, ‘म्हादेई’ ही बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. दोंदे 2006 मध्येच या कामाला लागले होते. बोट बांधली जात असताना ते तिथे होते, कारण भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त करणारे तेच एकटे असणार होते. तीन वर्षांची तयारी आणि नऊ महिन्यांचा प्रवास! आपण फक्त नऊ महिन्यांच्या गोष्टी सांगतो. मुलांना सांगायची गोष्ट आधीच्या तीन वर्षांची आहे.

आणि रोजचं उदाहरण पाहिजे तर आपली मासेमारी बघा. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांची वीण व्हावी आणि पावसाळी समुद्रात माणसांचा जीव जाऊ नये, ही दोन्ही कारणं. ज्याचं पोट समुद्रावर, तो बोट किनाऱ्याला ओढून जाळी विणत बसतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नव्या हंगामाला लागतो. त्याच जून-जुलैत शनिवार-रविवारी शहरातून गाड्याच्या गाड्या काशीदला येतात आणि माणसं कपड्यांनिशी लाटांत शिरतात. अडवणाऱ्या स्थानिकाला ‘आम्ही बघून घेऊ’ असं ऐकवलं जातं. बघून घ्यायची वेळ येते तेव्हा तोच स्थानिक दोर घेऊन पाण्यात उडी टाकतो.

या लोकांच्या कथा कोण लिहितं? 14 मार्च 2020 रोजी गेटवेहून मांडव्याला येणारी प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली. पोलिसांच्या गस्ती बोटीने धाव घेतली आणि 88 जण सुखरूप किनाऱ्याला आले. एकही बळी गेला नाही, म्हणून ती बातमी दोन दिवसांत विस्मरणात गेली. आपण मेलेले मोजतो, वाचवणाऱ्यांचं नावही विचारत नाही.

म्हणून काही गोष्टी ठणकावून मागायला हव्यात. गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित सेवा उभी केली. काशीद, मुरूड, अलिबाग, नागाव या किनाऱ्यांवर पर्यटकांचा पैसा चालतो, तर त्या पैशातून पुरेसे जीवरक्षक, त्यांना वर्षभराचा पगार, बोट, दोर आणि प्रथमोपचाराचं साहित्यही मिळालंच पाहिजे. भरती-ओहोटीची वेळ रोज खडूने लिहिलेला फळा प्रत्येक वाटेवर हवा. लाल बावटा लागला की पाणी बंद, मग समोर कुणीही पुढारी किंवा साहेब असो. ‘समुद्रात जाणे धोकादायक आहे’ एवढं लिहिलेला गंजका पत्रा ठोकला म्हणजे सरकारचं काम संपत नाही.

आणि काम फक्त सरकारचंच नाही. सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने निघण्याआधी तिथी बघावी, किनाऱ्यावर उतरल्यावर पहिल्यांदा जीवरक्षकाला किंवा कोळ्याला गाठावं आणि तो नको म्हणाला तर मुलांना वाळूतच खेळवावं. मुलं तोंड पाडतील, पालक पैसे फुकट गेले म्हणतील. म्हणू द्या. सगळी मुलं मोजून बसमध्ये बसवून परत आणणारा शिक्षक लाय पाटलांच्या वाटेने चाललेला असतो. या सुटीत काशीदला जाणार असाल, तर तुम्हीही त्याच वाटेने जा.