फक्त रेसिंगसाठी

मोटारीचा वेग वाढवणारे भाग विकणारी दुकानं घाई फक्त एकाच बाबतीत करतात, पैसे घेताना. पूर्ण रक्कम आधी आणि माल 'येईल तेव्हा'. आमचा भाचा एरवी भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. त्याने अशा एका दुकानात डाउनपाइप, एअर इंटेक आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग अशी ऑर्डर दिली आणि पावती मागायलाही लाजला. अशा ठिकाणी पावती मागणं म्हणजे देवाकडे जीएसटी नंबर विचारण्यासारखं असतं म्हणे.

गाडी पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, कारखान्यातून निघताना 105 अश्वशक्ती. 2022 मध्ये कंपनीने भारतात पोलो बनवणं थांबवलं आणि तेव्हापासून तिच्या मालकांची माया माहेरी आलेल्या लेकीवर करावी तशी वाढली. दुकानदाराने भाच्याला पटवून दिलं, की 105 हा आकडा खरा नव्हेच. कंपनीने बाकीचे घोडे कॉम्प्युटरमध्ये कोंडून ठेवलेत, आपण फक्त दार उघडायचं. मी विचारलं, ''अरे, एक्स्प्रेसवेला मर्यादा शंभरची. तेवढी तर ही आताही आरामात धावते.'' भाचा म्हणाला, ''मामा, प्रश्न स्पीडचा नाहीये, पुलिंगचा आहे.'' मी गप्प बसलो. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत कोण कोणाला पुल करणार, हे विचारायचं राहून गेलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं. सहा दिवसांनी ते सुटलं आणि जगाचा व्यापार पुढे सरकला. या दुकानापुरतं मात्र ते अजून तिथेच आडवं आहे. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा दुकानदाराला नवं बळ मिळालं. भाच्याचा पाइप आफ्रिकेला वळसा घालून येतोय, असा निरोप आला. पुढे तो न्हावाशेवाला कस्टम्समध्ये अडकला. तिथून सुटला तर 'ट्रान्सपोर्टवाल्याचा प्रॉब्लेम' झाला. मध्ये पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्या काळात दुकानदाराचा फोन लागत नव्हता, पण इन्स्टाग्रामवर तो रोज दिसायचा. कुठल्या तरी डोंगरावर, कुणाच्या तरी गाडीला टेकून.

अखेर खोकं आलं. बाहेर ठळक अक्षरात जर्मनी. आत पाइपाभोवती गुंडाळलेला कागद मात्र पुण्यातल्या वर्तमानपत्राचा होता आणि सांगायला संकोच वाटतो, पण त्यात हेच सदर होतं. युरोपात आमचा वाचकवर्ग आहे, या कल्पनेने मी क्षणभर सुखावलो. मग भाच्याने पाइपावरचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली दुसरं स्टिकर निघालं, तेही खरवडल्यावर कोरं लोखंड.

पाइप गाडीला बसेना. दुकानदार म्हणाला, ''थोडं मॉडिफाय करावं लागेल.'' म्हणजे गाडी मॉडिफाय करण्यासाठी जो भाग घेतला, तो आधी मॉडिफाय करायचा. नाना पेठेतून क्लॅम्प आणले, ग्राइंडर फिरला, हातोडा चालला. लेबर वेगळं.

पण या धंद्यातली खरी कलाकुसर पाहायची तर डायनोवर. डायनो म्हणजे रूळ बसवलेलं यंत्र. गाडीची चाकं त्यावर फिरतात आणि ताकदीचा आलेख छापून मिळतो. 'आधी'ची चाचणी बॉनेट बंद ठेवून, इंजिन चांगलं तापल्यावर घेतात. 'नंतर'ची बॉनेट उघडून, पुढे लग्नाच्या हॉलमधला असतो तेवढा पंखा लावून. एवढ्यावरच चार घोडे जन्माला येतात. उरलेले गणितातून येतात. गरम हवा विरळ असते, त्यात इंजिनाची ताकद कमी भरते. म्हणून यंत्र त्या दिवसाचं तापमान विचारून आकडा प्रमाण हवेच्या हिशेबात वर नेतं. नियम शास्त्रशुद्ध आहे, फक्त तापमान खरं भरावं लागतं. भाच्याच्या आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंद होती, त्यानुसार पुण्यात जानेवारीतल्या त्या सकाळी 46 अंश होते. मी स्वेटर घालून उभा होतो. शिमला ऑफिसातल्या वेधशाळेने ही उष्णतेची लाट जनतेपासून का लपवली, हे कळत नाही. आलेख मात्र भाच्याने फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, आजोबांच्या फोटोशेजारी.

महिन्याभरात पिवळा दिवा लागला, पाइपाच्या जोडातून फडफड सुरू झाली आणि गाडी चढावर गुदमरू लागली. मी म्हटलं, ''तक्रार कर. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम आहेत. 48 तासांत तक्रारीची पोच, महिन्यात निवारण. नाही ऐकलं तर 1915 ला फोन.'' भाच्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि खोक्यासोबत आलेल्या बिलाची मागची बाजू दाखवली. तिथे छापलं होतं : 'फक्त रेसिंगसाठी. सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.' म्हणजे हा पाइप कोईमतूरच्या करी ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर वापरायचा आणि तिथपर्यंत गाडी ट्रकवर चढवून न्यायची. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. तिथेच खरी मेख आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवून दिली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाजाचं कलम निराळं. आता अशा ग्राहकाने दाद मागावी कुठे? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेलं तर वॉरंटीचं नाव निघत नाही. आरटीओत नेलं तर गाडी तिथेच राहते. पोलिसांकडे जायची सोय नाही, कारण जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवतानाचे त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. घरी सांगावं तर बहिणीला अजून वाटतं, की ते पैसे क्लासच्या फीसाठी गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि बुक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी लावून.

तरी मी वकिलाकडे घेऊन गेलो. त्यांनी अर्जाचा मसुदा करायला घेतला. 'अर्जदाराने आपल्या वाहनात खालील बदल करून घेतले' एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ''हा तक्रारअर्ज नाही हो, कबुलीजबाब झाला.''

भाच्याने अखेर दुकानदाराशीच बोलून घेतलं. पैसे परत मिळत नाहीत, क्रेडिट नोट मिळते, मुदत तीस दिवस. अट एकच, आधी पाच तारे द्यायचे. त्याने दिले. वर लिहिलं, 'थोडा वेळ लागतो, पण क्वालिटी एक नंबर.' मी संतापलो तर म्हणाला, ''मामा, वाईट लिहिलं असतं तर लोक मलाच हसले असते.''

त्या तीस दिवसांत दुकानात शिल्लक होते फक्त स्टिकर. ते मात्र दोन दिवसांत घरपोच आले. आता पोलोच्या मागच्या काचेवर दुकानाचं नाव नंबरप्लेटपेक्षा मोठ्या अक्षरात झळकतंय आणि सोसायटीतले दोन पोरगे त्याच्याकडून पत्ता घेऊन गेलेत.