किलो गेले, कातडी राहिली

वजन उतरवून देणाऱ्यांच्या जाहिरातीत 'आधी'चा फोटो उघड्या पोटाचा असतो. 'नंतर'च्या फोटोत तेच गृहस्थ पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट खोचून, हाताची घडी घालून उभे. चाळीस किलो घटवल्यावर शर्ट काढायला कसली आली लाज? पण शर्टाच्या आत जे आहे ते पॅकेजमध्ये धरलेलंच नव्हतं.

आत कातडी आहे. वर्षानुवर्षं ताणून तिच्यातले कोलॅजेन-इलॅस्टिनचे धागे ढिले पडलेत. तरुण वयात, थोडं वजन घटलं तर ती बऱ्यापैकी आवळते. वय, ऊन आणि सिगारेट जमेला असतील तर नाही. मग हात केल्यावर रिक्षा थांबते, दंडाखालची कातडी मात्र आणखी क्षणभर हलत राहते. ब्लाउज सैल झाला तर शिंपी आत घेऊन देतो. कातडीला मुळात शिवणच नाही. मे महिन्यात पोटाच्या घडीखाली घाम साचतो, खाज सुटते, बुरशी येते, रोज पावडर थापावी लागते. त्यात लग्नात भेटलेली मावशी कानाशी येऊन विचारते, "अगं, शुगर निघाली की काय?"

आणि चरबी? तीही पुरती गेलेली नसते. वजन घटलं की चरबीच्या पेशी आकसतात, त्यांची संख्या साधारण तेवढीच राहते. चरबी सोडण्याचा हुकूम शरीरभर एकच सुटतो, पण मांड्या आणि नितंबांवरच्या पेशी तो सरकारी सावकाशीने अमलात आणतात. जिममधला पोरगा म्हणतो, "मॅडम, पोट उतरवायचं तर क्रंचेस वाढवा." १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. रॅकेटच्या हाताचा स्नायू मोठा, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच. ही बातमी पन्नास वर्षांत आमच्या गल्लीतल्या जिमपर्यंत आलेली नाही. तिथे अजून पोटाला घामाचा पट्टा बांधतात. सोडल्यावर घेर कमी भरतो, दोन ग्लास पाणी प्यायलं की उतरलेलं वजन परत हजर.

श्रीमंतांचा पट्टा गार असतो. आइसकँडी चोखणाऱ्या मुलांच्या गालातली चरबी झिजते, हे डॉक्टरांनी १९७० मध्ये नोंदवलं होतं. पुढे त्याच तत्त्वावर चरबी गोठवायचं यंत्र निघालं. लिंडा इव्हँजेलिस्टा या सुपरमॉडेलने २०२१ मध्ये जाहीर केलं, की यंत्र लावलं तिथली चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. असं क्वचितच होतं, हे मान्य. पण यंत्राने चरबी घटवली तरी लोंबती कातडी काही ते उचलत नाही. क्रीमचं तर नावच नको. तिने घट्ट होते ती विकणाऱ्याची तिजोरी.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडेही आली. पूर्वी कातडी लोंबायची तर आधी दोन वर्षं घाम तरी गाळावा लागे.

खरा उपाय सुरीचा. जास्तीची कातडी कापून काढायची आणि कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण घेऊन हिंडायचं. इथे विमा कंपनी पुढे येते. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा निदान ३५ असून जोडीला गंभीर आजार असेल, तर नियमाप्रमाणे जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. त्याच शस्त्रक्रियेमुळे लोंबू लागलेली कातडी कापायची म्हटली, की तुम्ही एकदम नटवे! कारण ते 'सौंदर्यवर्धन'. अपघात, भाजणं किंवा कर्करोग असेल तर गोष्ट वेगळी. एरवी प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका आहे हे सिद्ध करून दाखवा. खाज तातडीत बसत नाही. आणि पावडरच्या डब्यांची बिलं जोडलीत, तर ती कुणी उघडूनही बघणार नाही.