पाहुणे आले, पण उतरले कुठं?

ऐकलंत का? कॉलेज रोडच्या आमच्या एका मैत्रिणीची दादरची मावसबहीण परवा सहकुटुंब नाशकात येऊन दोन रात्री राहून गेली. उतरली कुठं? गिरणाऱ्याच्या अलीकडं, व्हिलावर! सख्खी मावसबहीण शहरात मोठा फ्लॅट घेऊन बसलेली असताना! वर तिलाच फोन करून म्हणते, ‘रविवारी चहाला या ना आमच्याकडे.’ आमच्याकडे म्हणजे त्या भाड्याच्या बंगल्यात. नाशिकच्या बाईनं नाशकातच मुंबईकरांकडं पाहुणी म्हणून जायचं. आणि ती गेलीसुद्धा, चिवड्याचं पाकीट घेऊन.

एकाच घरातली गोष्ट असती तर मी बोललेही नसते. पण शनिवारी सकाळी गंगापूर रोडला उभं राहून गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचा. एमएच ०२, एमएच ०४, एमएच १२. आणि एकही गाडी पंचवटीकडं वळत नाही! पूर्वी गाडी आधी रामकुंडाशी लागायची, मग काळाराम, मग त्र्यंबक आणि रात्री कुणातरी आत्या-मामाकडं गाद्या पडायच्या. आता सरळ धरणाकडं. देवाला गेलात का विचारलं, तर म्हणतात, ‘गर्दी असते हो फार.’ मग त्याच तोंडानं मिसळीच्या रांगेत तासभर उभे राहतात.

ही खोड लागली कोरोनात. आठवा, २०२०च्या मार्चपासून देवळांना कुलपं होती, ती नोव्हेंबरात पाडव्याला निघाली. दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली, ती २०२१च्या ऑक्टोबरात घटस्थापनेला निघाली. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागायचा; लोकांनी त्यासाठी कुठकुठले आजारी नातेवाईक पैदा केले, ते विचारूच नका. तो पास पहिल्यांदा सुटला २ सप्टेंबर २०२० ला, आणि घरात कोंडलेली मुंबई कसारा घाट चढून वर आली. हॉटेल नको, तिथं अनोळखी माणसं. नातेवाइकांचं घर तर नकोच, तिथं ओळखीची माणसं! मग काय, अख्खा बंगलाच घ्या. त्याच सुमारास सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आणि एमटीडीसीनंही ‘वर्क फ्रॉम नेचर’ची हाक दिली. धरणाकाठी लॅपटॉप उघडून साहेबाला तोंड दाखवायचं, कॅमेरा बंद झाला की पाय पाण्यात. ऑफिसं केव्हाच पूर्ववत सुरू झाली, पण पाय काही पाण्यातून निघेनात.

आजी म्हणायच्या तसं, साथ आली की मुंबई पळते, त्यात नवल नाही. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हाही शहर ओस पडलं होतं. देवळालीची ती पारशी-गुजराती सॅनिटोरियमं आठवतात ना? हवापालट म्हणून खोल्या घेऊन लोक महिना-महिना राहायचे. पण ते बिचारे खोकत यायचे! आताचे निळ्या टाइलांच्या कमरेएवढ्या हौदात उभे राहून फोटो काढतात. शेजारी द्राक्षाच्या बागेत फवारणी चाललेली, तीसुद्धा फोटोत धुकं म्हणून खपते.

आणि ‘होमस्टे’चं म्हणाल तर त्र्यंबकच्या गुरुजींनी हसावं की रडावं? नारायण नागबळीला आलेली कुटुंबं तीन-तीन दिवस त्यांच्याच घरी राहायची. वर माडी, खाली पंगत, आणि वहीत आजोबा-पणजोबांच्या नोंदी. तिथं तुमचं सात पिढ्यांचं कूळ माहीत असायचं. इथं आधार कार्डाची झेरॉक्स घेतात.

बरं, मुंबईकरांना नावं ठेवून आपण कुठं सोवळे? एमएच १५ वाले तरी काय करतात? इंदिरानगरातून निघायचं, तासाभरात धरणाकाठच्या तंबूत, आणि रात्रभर डासांना रक्त देण्याचे पैसे मोजायचे. याला ‘स्टेकेशन’ म्हणतात म्हणे. घरचं जेवण सोडून तिथं काय खातात? चुलीवरची बाजरीची भाकरी! घरी केली असती तर ‘आज पोळी नाही का?’ म्हणून तोंड वाकडं.

पोरांचं तर विचारूच नका. पावसाळ्यात रविवारी हरिहरच्या कातळातल्या त्या उभ्या पायऱ्या पाहा. वर जाणारे अडलेले, खाली येणारे अडलेले, आणि मधल्याचं रील चाललेलं. वनखातं बंदीचे फलक लावतं. मुलं फलकापाशीही फोटो काढतात.

सगळ्यांत खमंग प्रकरण वाइनचं. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी दिली, तेव्हा काय गहजब! अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आमच्या भिशीत दोघींनी महिनाभर अबोला धरला. त्यातलीच एक, संस्कृती बुडाली म्हणणारी, जानेवारी ते मार्चच्या हंगामात सुनेबरोबर वायनरीत द्राक्षं तुडवताना दिसली. काठपदराची साडी घोट्यावर खोचून! ‘मी फक्त तुडवली, चाखली नाही,’ असं ती सांगते. आम्ही विश्वास ठेवलाय.

पण आतली गोष्ट सांगू? ती कॉलेज रोडची मैत्रीण रुसलेली दिसते ना, ती मनातून खूश आहे. पाहुणे म्हणजे पहाटे पाचला गिझर, चहाची तीन आधणं, त्र्यंबकला सोबत जायचं आणि निघताना ब्लाउजपीस. शिवाय ‘कधी निघणार?’ असं पाहुण्यांना विचारायची सोय नाही. व्हिलावाला अकराला चेक-आउट म्हणून मोकळा होतो! माळ्यावरच्या जादा गाद्या तिनं लॉकडाऊनच्या साफसफाईत कधीच देऊन टाकल्यात. दादरच्या बहिणीला ठाऊक नाही. तिला वाटतं, आपण हिला त्रास दिला नाही. दोघी एकमेकींवर उपकार करून बसल्यात.

खरी गंमत पुढंच आहे. सिंहस्थ! ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चं. २०१५ ला ज्यांच्याकडं दिवाणखान्यात आडवी-उभी माणसं झोपली होती, ते या वेळी वरच्या मजल्याचा रात्रीचा दर काय लावावा, याची कुजबुज करताहेत. नात्यातल्यांना सवलत द्यायची का, यावर एका घरी नवरा-बायकोचं वाजलंय. आणि कॉलेज रोडवालीनं काय ठरवलंय माहितेय? फ्लॅट भाड्यानं देणार आणि स्नानाच्या दिवसांत स्वतः इगतपुरीला व्हिला घेऊन राहणार. दादरच्या बहिणीशी निम्म्या-निम्म्या खर्चाचं बोलणंही झालंय. तुम्हाला म्हणून सांगितलं हं. तिच्या सासूबाईंना अजून पत्ता नाही, त्यांना वाटतंय घरी पंगती उठणार आहेत.